ह्याच्यात ठेवायलाव काय?

लातूरला एमआयडीसीकडच्या एका फर्निचरच्या शेडमध्ये उन्हाळ्यातल्या दुपारी घडलेली एवढीशी गोष्ट. पत्रा तापलेला, करवतीखालून उडणारा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा, बारीक पिवळट भुसा घामावर चिकटलेला, आणि त्या भुशाचा तो कोरडा, घशाशी बसणारा वास. एका पोरानं वहीचं पान पुढं सरकवलं. पानावर एका खोक्याचं चित्र होतं, मापं सेंटिमीटरमध्ये, आणि समोरच्या फळीत दोन गोल, एक मोठा, एक लहान. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, मापं वाचली, पान उलटं करून पाहिलं. मागं काहीच नव्हतं. "दार नाही, कप्पा नाही, खण नाही. भाऊ, ह्याच्यात ठेवायलाव काय?" पोरगा म्हणाला, "हवा." मिस्त्री हसले नाहीत. जरा वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग फट ठेवून चालायचं नाही. कपाटाला फट चालती, ह्याला नाही."

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, खोल स्वर वाजवणारा स्पीकर, घरी बनवावा की विकत आणावा, यावर माणसं तासन् तास बोलतात. किती इंची, किती वॅट, किती रुपये वाचतील. आपण हवा कोंडणार आहोत, आणि काम खरं त्या हवेकडून करून घ्यायचं आहे, हे फारसं कुणी बोलत नाही. लाकडाच्या माणसानं ते पहिल्या मिनिटात ओळखलं.

खरं तर या भागात राहणाऱ्या माणसाला ते कळायला अवघड नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. नळाला पाणी आलं की घागर लावून माणूस दुसऱ्या कामाला लागतो, पण कान घागरीकडे असतो. सुरुवातीचा आवाज जाड आणि खोल असतो. पाणी चढत जातं तसा आवाजही चढत जातो आणि गळ्याशी आला की बारीक होतो. न बघता हात नळाकडे जातो. आतली हवा कमी झाली की स्वर चढला, एवढंच ते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की जो एकच घुमारा निघतो, तोही पोटातल्या हवेचा आणि गळ्यातल्या हवेचा मिळून ठरलेला. पोट मोठं, तर स्वर खाली. गळा लांब, तर स्वर आणखी खाली. पाईप लावलेला सबवूफर म्हणजे हीच घागर, चौकोनी केलेली. फक्त फुंकर मारायला आत कागदाचा किंवा ॲल्युमिनिअमचा शंकूसारखा एक पडदा, म्हणजे कोन, बसवलेला.

पाईप न लावता खोकं पूर्ण बंद ठेवलं, तर आतली हवा स्प्रिंगसारखी वागते. कोन आत गेला की ती ढकलते, बाहेर आला की ओढते. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हेच धरून छोट्या खोक्यातून मोठा खर्ज काढून दाखवला. पाईपच्या खोक्याचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्णत्वाला नेलं. आज कुठल्याही बऱ्या ड्रायव्हरसोबत, म्हणजे खोक्यात बसवायच्या नुसत्या स्पीकरसोबत, जो कागद येतो त्यावरचे आकडे या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. त्यातले तीन कळले की पुरेत. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत कोन स्वतःहून ज्या कंपनावर डोलतो तो आकडा. व्हीएएस म्हणजे कोनाला कडेनं धरून ठेवणाऱ्या झालरीइतकी मऊ असलेली हवा किती लिटर. क्यूटीएस म्हणजे डोलू लागलेला कोन किती लवकर आवरतो त्याचं माप. एफएस खाली आणायचा तर कोन जड करावा लागतो, आणि जड केला की तेवढ्याच वॅटमध्ये आवाज कमी येतो. सप्ताहात पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापताना पाहिलं असेल, तर हेही नवं नाही. कणकेच्या वजनानं चामडं खाली उतरतं, स्वर खोल होतो, आणि तिथं बोट नव्हे, अख्खा तळवा घालावा लागतो.

आता हिशेब एकदा नीट मांडू, कारण निर्णय तिथंच होतो. समजा ड्रायव्हर १० इंची आहे, एफएस २७ हर्ट्झ (सेकंदाला २७ कंपनं), क्यूटीएस ०.४२, व्हीएएस ५० लिटर. बंद खोकं करायचं तर २८ लिटर हवा लागते, म्हणजे आतून ३१ सेंटिमीटरचा घन, ड्रायव्हरनं अडवलेली जागा धरून. हे खोकं ४५ हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी ताकदीनं उतरतं आणि त्याखाली सावकाश मावळत जातं. त्याच ड्रायव्हरला ६० लिटर हवा दिली आणि पाईपनं २६ हर्ट्झला जुळवलं, तर खर्ज थेट २६ च्या आसपास पोचतो. जवळपास पाऊण सप्तक खाली. पण तिथं पोचलं की एकदम कोसळतो, आणि त्या खाली कोनाला आवरायला हवा उरत नाही. ज्याला चित्रपटातला गडगडाट हवा त्यानं पाईप लावावा. ज्याला गाण्यातला तबल्याचा डग्गा नेमका ऐकायचा आहे, ज्याच्याकडे जागा कमी आहे, किंवा जो पहिल्यांदाच बनवतोय, त्यानं खोकं बंद करावं. पहिलं खोकं बंदच असावं, असं ठाम मत आहे. त्यात माप दोन लिटर चुकलं तरी काही बिघडत नाही. पाईपच्या खोक्यात चूक लपत नाही.

विकत की घरी, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. खोल खर्ज, मोठा आवाज आणि लहान खोकं, यातल्या कुठल्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. हॉफमन यांच्या नावानं ओळखला जाणारा हा नियम कुणालाच सुटत नाही, कंपनीलाही नाही. तेवढ्याच आवाजात ४० हर्ट्झवरून २० वर उतरायचं, तर कोनाला चौपट हवा ढकलावी लागते. कंपनीला खोकं ट्रकमध्ये भरायचं असतं, दुकानात मांडायचं असतं, सोफ्याशेजारी शोभून दिसायचं असतं. म्हणून कंपनी खोकं लहान ठेवते आणि ती कसर जास्त वॅटनं भरून काढते. घरी बनवणाऱ्याला ती अडचण नाही. जागा असेल तर तो १०० लिटरचं, १५० लिटरचं खोकं करू शकतो आणि जो खर्ज बाजारात फार महाग आहे तो निम्म्या खर्चात मिळवू शकतो. पण ८ किंवा १० इंची साधा सब पैसे वाचवायला म्हणून घरी बनवू नये. ड्रायव्हर, खोक्याच्या मागं बसणारा प्लेट ॲम्प्लिफायर, शीट, कटाई, मजुरी, पाईप, टी-नट, पुट्टी, रंग, आणि कुरिअरचं भाडं, सगळं मांडलं की आकडा तयार सबच्या जवळपास येऊन बसतो. वर त्याला वॉरंटी नाही, आणि पुढं विकायला काढला तर कुणी घेत नाही.

तयार सबमध्ये पैसे लाकडाचे नसतात, हेही मान्य करायला पाहिजे. चांगल्या कंपनीनं तो ड्रायव्हर त्याच खोक्यात, त्याच ॲम्प्लिफायरवर शेकडो वेळा मोजलेला असतो. आत लिमिटर असतो. पोरांनी आवाज पूर्ण वाढवला तरी कोन हलवणारी तांब्याची कॉईल जळणार नाही याची सोय केलेली असते. घरच्या खोक्यात ही राखण आपणच करायची. विकत घेताना मात्र खोक्यावरचे वॅट वाचत बसू नये, पीएमपीओ (फुगवून सांगितलेले वॅट) लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडूनच द्यावा. वाचायचं ते एवढंच की आवाज किती हर्ट्झपर्यंत उतरतो आणि तो आकडा किती डेसिबलच्या फरकात दिलाय. फरक लिहिलाच नसेल, तर आकड्याला अर्थ नाही. खोकं उचलून बघावं, फार हलकं असेल तर आत काय आहे ते हाताला कळतंच. पाच स्पीकरसोबत येणारं साडेसहा इंची खोकं सबवूफर म्हणून विकलं जातं, पण ते बऱ्याचदा १५० हर्ट्झच्याही वर वाजत असतं. मग माणसाचं बोलणं कोपऱ्यातून येतंय असं वाटतं. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला सांगता येत नाही, म्हणून सब तिथं तोडतात, म्हणजे त्याच्या वरचे स्वर त्याला देत नाहीत. तो तसा तुटत नसेल, तर सिनेमा आणि सब दोन ठिकाणी वाजतात.

आणि दुरुस्तीचं काय, हा प्रश्न हिंगोलीतल्या किंवा परळीतल्या माणसाला पुण्यातल्या माणसापेक्षा वेगळा पडतो. पंचवीस किलोचं खोकं सर्व्हिस सेंटरला पाठवायचं म्हणजे मूळ थर्माकोल आणि मूळ पुठ्ठा जपून ठेवलेला लागतो. घरी बनवलेल्या खोक्याचे बोल्ट सोडले की ड्रायव्हर हातात येतो, आणि कोन बदलणारा कारागीर जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. बँड आणि डीजेच्या कृपेनं हे काम इथं कधी थांबलं नाही. ड्रायव्हर घेताना झालर रबराची बघावी. फोमची झालर काही वर्षांत कुजते, बोट लावलं की काळ्या भुकटीसारखी हाताला येते.

डीजेचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे खर्ज म्हटलं की वरातीतला छातीवरचा ठोका आठवतो, खिडक्यांची थरथर, दारात बसलेल्या म्हाताऱ्यांनी कानावर घेतलेला पदर. त्यामुळे घरात सब आणायचा म्हटलं की घरच्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती आठी खोटी नाही. पण तो ठोका बहुतेक ५० ते १०० हर्ट्झमधला असतो. खोल खर्ज निराळा. तो हळू वाजवला तरी असतो, अंगाला आधी कळतो आणि कानाला मागून. म्हणूनच सेकंडहँड मिळतो म्हणून डीजेचा १५ किंवा १८ इंची ड्रायव्हर आणून घरच्या खोक्यात घालू नये. त्याचा एफएस बऱ्याचदा ३५-४० च्या पुढं असतो, झालर कडक असते, कोन थोडाच हलतो. तो मैदानासाठी घडवलेला आहे. गाडीचा सब बंद खोक्यात चालतो, पण गाडीचं तयार खोकं घरात आणलं की खर्ज गेला कुठं असं होतं, कारण गाडीतली इवलीशी बंद जागा खर्ज आपोआप फुगवत असते, दिवाणखाना तसं करत नाही. त्याला गाडीचा १२ व्होल्टचा ॲम्प्लिफायर लावायचा तर ३०० वॅटसाठी २५ अँपिअरच्या वर करंट लागतो. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) तो चालवण्याच्या भानगडीत पडू नये.

आता सुतारकाम. आधी सांगितलेलं पाईपवालं खोकं घेऊ. ६० लिटर ही निव्वळ हवा. त्यात पाईप साडेपाच लिटरच्या आसपास जागा खातो, ड्रायव्हर अडीच, आतली आधाराची फळी दीड. म्हणजे आतून सत्तर लिटर लागतात. ३७ बाय ३७ बाय ५१ सेंटिमीटर आतली मापं धरली की ६९.८ येतात. फळी १८ मिलिमीटर, समोरची दुहेरी. आठ बाय चारच्या एका शीटच्या निम्म्याहून थोडी जास्त लागते, वजन एकोणीस किलोच्या घरात. एमडीएफ घ्यावा की प्लाय, यावर वाद होतात. एमडीएफ सारखा कापला जातो, आत पोकळी नसते, आवाजाला निर्जीव असतो, आणि इथं तेच पाहिजे. पण पाण्याचा थेंब लागला की फुगतो, आणि काळ्या जमिनीवरच्या घरात वाळवी त्याला सोडत नाही. जमिनीवर ठेवायचं खोकं असेल तर खाली रबराचे पाय लावून दोन बोटं उचलावं. चांगला प्लाय मजबूत, पण कापताना आत रिकामी जागा निघाली तर ती भरून घ्यावी लागते, नाहीतर तिथून भुरभुर आवाज येतो. साधं सागवान किंवा शिसव यात वापरू नये. इथल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आवळतं आणि सांधा उघडतो. फट पडली की सगळं गेलं.

कटाई हातकरवतीनं नको. पॅनल सॉ असलेल्या ठिकाणी एकाच मापाच्या फळ्या एकदम, करवत न हलवता कापून घ्याव्यात. एक मिलिमीटर कमी पडला तरी दोन्ही फळ्यांत सारखाच पडू दे, गुण्या चुकायला नको. गोल भोक पाडताना सगळ्यात जास्त खोकी वाया जातात. ड्रायव्हर १० इंची म्हणून १० इंचांचं भोक पाडलं तर स्क्रूला धरायला लाकूडच उरत नाही. भोकाचं माप ड्रायव्हरच्या कागदावर वेगळं दिलेलं असतं, साधारण २३ सेंटिमीटर, आणि तेही ड्रायव्हर हातात आल्यावर मोजून बघितल्याशिवाय जिगसॉ लावू नये. एमडीएफच्या कडेत सरळ स्क्रू घातला की फळी पुस्तकासारखी उकलते. आधी बारीक ड्रिल, मग स्क्रू, पंधरा पंधरा सेंटिमीटरवर, आणि ते फक्त गोंद सुकेपर्यंत धरून ठेवायला. ताकद गोंदाची. फेविकॉल दाबल्यावर दोन्ही बाजूंनी सारखा ओघळला पाहिजे. जिथं ओघळला नाही तिथं पोचलाच नाही असं समजायचं. ड्रायव्हर बसवायला लाकडाचे स्क्रू नकोत, चार वेळा काढघाल झाली की भोकं ढिली होतात. मागून टी-नट ठोकून बोल्ट लावावेत.

आतून सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉनची रेघ फिरवायची. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन असेल तर ड्रायव्हर लगेच बसवायचा नाही, किमान एक दिवस खोकं उघडं ठेवायचं. तो आंबट वाफारा बंद खोक्यात कोंडला की धातूला आणि कॉईलच्या गोंदाला लागतो.

मधोमध एक फळी उभी करायची, तिला चार खिडक्या कापायच्या, म्हणजे हवा मोकळी खेळेल पण भिंती फुगणार नाहीत. ही फळी बरेचजण गाळतात, कारण ती बाहेरून दिसत नाही. बोटाच्या पेरानं खोक्यावर टकटक केलं की गाळलेली लगेच कळते. आधार दिलेली भिंत ठक्क वाजते, न दिलेली डब्यासारखी बोलते. वेरूळची दहा नंबरची लेणी इथल्या माणसाला 'सुतार का झोपडा' म्हणून माहीत आहे. सातव्या शतकातल्या त्या चैत्यगृहाच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी तुळयांसारख्या. दगडाला त्यांची गरज नव्हती, छत तसंही उभं राहिलं असतं. पण कोरणाऱ्यांच्या हातांना लाकडाचं बांधकाम आठवत होतं. तिथं उभं राहून खालच्या स्वरात 'ओम्' म्हटलं की स्वर सुटल्यावरही बराच वेळ हवेत राहतो. बंद जागा खर्ज कसा धरून ठेवते ते त्याहून चांगलं कुठल्या दुकानात ऐकायला मिळणार नाही.

पाईप. शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप या कामाला उत्तम, आतून साधारण १०.४ सेंटिमीटर. ६० लिटरला २६ हर्ट्झसाठी त्याची लांबी ५५ सेंटिमीटर येते. खोकं आतून ५१ चं आहे! इथं पुष्कळजण पाईप कापून टाकतात, 'थोड्यानं काय होतंय' म्हणत. दहा सेंटिमीटर कापले की जुळणी २८ च्या पुढं जाते. बारीक पाईप लावला तर लांबी कमी होते खरी, पण मग मोठ्या आवाजाला हवा पाईपातून फुसफुसते आणि सिनेमातल्या स्फोटाबरोबर फुंकणीचा आवाज येतो. उपाय साधा आहे, एक एल्बो लावून पाईप वळवायचा. लांबी मधल्या रेषेवरून मोजायची, आणि आतल्या टोकापुढं निदान एका पाईपच्या रुंदीइतकी जागा मोकळी सोडायची. पाईप आधी ६० चा ठेवावा आणि मग थोडा थोडा कापत वर यावं, जोडता येत नाही. उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, पंधरा अंशांना सेकंदाला ३४० मीटर, तर चाळीस अंशांना ३५५. म्हणजे डिसेंबरात २६ ला जुळवलेलं खोकं मे महिन्यात २७ ला बोलतं. त्याची काळजी करू नये.

आत काय भरायचं, यावर कापसाच्या मुलखात पहिलं उत्तर कापूसच येतं. पिंजाऱ्याच्या पिंजणाची तात ज्यांनी ऐकलीय त्यांना माहीत आहे, त्या ठोक्याचा घुमारा गल्लीच्या टोकापर्यंत यायचा, आणि दुपारच्या झोपेत तो कानापेक्षा जमिनीतून जास्त कळायचा. पण खोक्यात कापूस नको. तो ओल धरतो, खाली बसतो, त्यात किडे होतात. उशीत भरायचा पॉलिस्टरचा फायबर घ्यावा. बंद खोक्याला लिटरमागे ८ ते १६ ग्रॅम, म्हणजे २८ लिटरला सव्वादोनशे ते साडेचारशे ग्रॅम, मोकळा करून, न कोंबता. त्यानं खोकं स्वतःला थोडं मोठं समजू लागतं. पाईपच्या खोक्यात मात्र फक्त भिंतींना अस्तर, आणि पाईपच्या तोंडाशी काही नाही.

विजेचं थोडक्यात, पण मनापासून सांगायचं आहे. सब लावल्यावर ५० हर्ट्झची घरघर आली, तर बहुतेक वेळा ती अर्थिंगच्या दोन वाटांमुळे असते. एक वाट सबच्या प्लगमधून, दुसरी डिशच्या किंवा केबलच्या वायरीतून. रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) आणि सब एकाच बोर्डावर घ्यावेत, डिशची वायर काढून घरघर जाते का ते बघावं. प्लगची अर्थची पिन तोडणं हा उपाय नाही. घरघर जाते, आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो. घराची अर्थिंग जुनी असेल, तर मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं. प्लेट ॲम्प्लिफायरच्या मागच्या पत्र्यालगतही हवा निसटते, तिथं फोमची पट्टी लावावी. आणि कॉईल तापली की तांब्याचा रोध वाढतो, अंशामागे ०.३९ टक्के. शंभर अंशांनी तापली तर जवळजवळ चाळीस टक्के. परभणीच्या बेचाळीस अंशांच्या खोलीत तासभर मोठ्यानं सिनेमा लावला की आवाज दबलेला वाटतो तो यामुळेच.

मग खोली येते, आणि घरी बनवणारा आणि विकत आणणारा इथं एकाच पायरीवर उभे राहतात. १५ बाय १२ फुटांचा, १० फूट उंच दिवाणखाना घेतला, तर तो ३८, ४७ आणि ५७ हर्ट्झला स्वतःहून घुमतो. खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकली की ३८ चा स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि भिंतीला टेकून दिवाणावर बसलं की तोच दुप्पट येतो. आपल्याकडे सगळी बैठक भिंतीलगत, म्हणून सब घरी आणल्यावर पहिली तक्रार 'फार घुमतोय' अशीच असते. जागा शोधायची जुनी युक्ती अजून चालते. सब उचलून आपण बसतो त्या जागी ठेवायचा, एक खर्जाचं गाणं लावायचं, आणि भिंतीच्या कडेकडेनं रांगत जायचं. जिथं खर्ज सारखा, न फुगलेला ऐकू येईल, तिथं सब ठेवायचा. मोजायचंच असेल, तर रूम ईक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, माइक मात्र मोजणीचा हवा, फोनचा माइक खालचे स्वर नीट घेत नाही. आलेखात जी टेकाडं दिसतील ती कापावीत, खड्डे भरायला जाऊ नये. खड्ड्यात कितीही वॅट ओतले तरी खोली ते गिळते.

पत्र्याच्या घरात खर्ज टिकत नाही, वर पत्राच वाजायला लागतो. जे-हुकांचे वायसर बदलून आवळले तर बराच फरक पडतो. माळवदाच्या घराची गोष्ट वेगळी. दोन-दोन हात जाड मातीची भिंत हलत नाही, थरथरत नाही. तिथं वाजतं ते फडताळातलं भांडं, मांडणीवरचे पेले, देवघरातली घंटी. तीस हर्ट्झपासून एकेक स्वर सावकाश वर नेत घरभर फिरावं आणि जे जे बोलेल त्याखाली कापडाची घडी ठेवावी. एका स्वराला एक पेला बोलतो, दुसऱ्याला दुसरा. घर असं ओळखीचं होत जातं. आणि भिंत सामाईक असेल, तर शेजारच्यांना जाऊन एकदा विचारून यावं.

त्या शेडमधलं खोकं आठ दिवसांनी तयार झालं. रंग लागायचा होता. मिस्त्रींनी सांध्यांवर पुट्टी मारून घासून घेतली होती आणि कडेवरून तळहात फिरवून बघत होते. पोरानं ड्रायव्हर बसवला, दीड व्होल्टचा सेल लावून कोन बाहेर येतोय ना ते पाहिलं, आणि खोकं पाठीवर आडवं केलं, कोन आकाशाकडे. मग खिशातून मूठभर ज्वारी काढली आणि आठ-दहा दाणे कोनावर टाकले. चाळीस हर्ट्झचा स्वर लावला. दाणे तव्यावरच्या लाह्यांसारखे उडायला लागले. पस्तीसला उड्या कमी झाल्या. तीस. अठ्ठावीस. शेडमध्ये आवाज तर वाढतच होता, पत्र्याला लावलेली गुण्याची पट्टी खिळ्यावर कुणकुण करायला लागली होती, आणि दाणे मात्र बसत चालले होते. सव्वीसला ते जवळजवळ थांबले. आवाज सगळा पाईपातून येत होता. चोविसाच्या खाली गेल्याबरोबर दाणे परत उसळले, एक तर खोक्याबाहेर पडला, आणि पोरानं घाईनं आवाज बंद केला. तिथं हवेचा आधार सुटतो, म्हणून खालचे स्वर अडवणारा फिल्टर बावीसला लावायचा, असं त्यानं सांगितलं.

मिस्त्रींनी परत सव्वीस लावायला सांगितलं. उदबत्ती पेटवून सगळ्या सांध्यांवरून सावकाश फिरवली. धूर कुठंच हलला नाही. मग ती पाईपच्या तोंडाशी नेली. धूर आत ओढला गेला, बाहेर फेकला गेला, आत, बाहेर, इतक्या वेगानं की तोंडाशी नुसता करडा गोळा दिसत होता. त्यांनी उदबत्ती बाजूला ठेवली आणि तळहात तिथं धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"लागायली," ते म्हणाले. "हवा लागायली हाताला."

मग वहीचं ते पान त्यांनी मागून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि विचारलं, शंभर लिटरचं केलं तर पाईप किती लांब लागंल.